इलिंकाचा गहू

रोमानियाच्या ईशान्येला, मोल्दोवाच्या टेकड्यांमध्ये वालेश्ती नावाचं एक गाव आहे. गावात बघण्यासारखी एकच गोष्ट: जुनं दगडी चर्च. जाड भिंती, ठेंगणं दार, आत दोन दालनं. पहिलं बायकांचं, पलीकडचं पुरुषांचं, आणि मध्ये भिंत. त्या भिंतीत वर, छताच्या जवळ, एक फट आहे. आडवा पंजा जेमतेम आत जाईल एवढी. पाहुण्यांना ती सहसा दिसत नाही. पारव्यांना बरोबर दिसते.

आम्ही गेलो तो शनिवार होता. तिकडे शनिवार हा मेलेल्यांचा वार. त्या दिवशी बायका चर्चमध्ये गव्हाचा वाडगा घेऊन येतात. गहू नऊ पाण्यांनी धुवायचे, शिजवायचे, मध आणि अक्रोड घालून थापायचे, वर पिठीसाखरेचा थर द्यायचा आणि साखरेवर मेलेल्याचं नाव काढायचं. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळांत सुनेचं नाव लिहितात, तसंच बोटानं. मग प्रार्थना होते आणि तो गहू सगळे मिळून खातात.

त्या दिवशी वाडगा घेऊन आलेली मुलगी मात्र नुकतीच लग्न झालेली होती. डोक्याला नवा रुमाल, पायांत नवे बूट, आणि साखरेवर काढलेलं नाव तिचं स्वतःचं. प्रार्थना झाली, आणि तिनं चमचा घेऊन स्वतःच्या श्राद्धाचा पहिला घास स्वतःच खाल्ला. कोणी रडत नव्हतं. दोन म्हाताऱ्या तर कोपरानं एकमेकींना ढोसत होत्या.

निनादनं मला हळूच विचारलं, की आपण चुकीच्या वेळी आलोय का. नवऱ्यांना असे प्रश्न बरोबर वेळी सुचतात. मी चर्चची किल्ली सांभाळणाऱ्या तांती सफ्ताकडे वळले. वयानं मोठ्या बाईला तिकडे तांती म्हणतात, आपण मावशी म्हणतो तसं. घरी बसून वेळ जात नाही म्हणून मी शिकलेली ती भाषा त्या दिवशी पहिल्यांदा कामाला आली. तांती सफ्तानं आम्हाला बाकावर बसवलं, मेणबत्त्यांची पेटी मांडीवर घेतली, आणि वरच्या फटीकडे न बघताच सांगायला सुरुवात केली.

फार पूर्वी, असं सांगतात, या मुलखावर एक राजा होता. त्याला दूरच्या सुलतानानं नेमलं होतं, म्हणजे तो कधीही काढलाही जाऊ शकत होता. असा राजा दोघांना भितो: वरच्याला आणि खालच्यांना. वरच्याला त्यानं नजराणे पाठवले, आणि खालच्यांसाठी हुकूम काढला. खालचे म्हणजे बोयार, तिथले सरदार-जमीनदार. हुकूम असा, की चारपेक्षा जास्त सरदारांनी एका छपराखाली जमायचं नाही. शिकारीला नाही, बारशाला नाही. लग्न असेल तर राजाचा माणूस पंगतीत बसेल. दोघांचं डोकं उडाल्यावर बाकीच्यांना हुकूम नीट समजला.

पण राजा देवभोळा होता. जिवंत माणसांना तो हुकूम देऊ शकत होता, मेलेल्यांना नाही. ज्याचं श्राद्ध अडवलं तो मेलेला अडवणाऱ्याच्या उशाशी येऊन बसतो, असं तेव्हा सगळेच मानत. त्यामुळे श्राद्धाला मात्र कितीही माणसं जमोत, राजा काही बोलत नसे. आणि सरदारांना तेवढी फट पुरली.

वालेश्तीचा धनी तेव्हा तोदेर नावाचा म्हातारा सरदार होता. हे चर्च त्यानंच बांधलं. त्याच्याच डोक्यातून ती रीत निघाली म्हणे. प्रार्थनेच्या शेवटी 'चिरंतन स्मरण असो' असं म्हणताना गव्हाचा वाडगा चौघं जण उचलून हळूहळू झुलवतात. ज्यांचा हात वाडग्याला पोचत नाही ते पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवतात, त्यांच्या खांद्यावर मागचे, अशी दारापर्यंत माळ लागते. मूळची रीत धर्माचीच. तोदेरनं तिच्यात एक शपथ लपवली. प्रश्न आधीच घरोघर पोचलेला असायचा. बायका एकमेकींकडे अक्रोड मागायला जात, त्या अक्रोडांबरोबर तो जायचा. चर्चमध्ये फक्त उत्तर द्यायचं. खांद्यावर हात ठेवला की होकार, आणि तो मरेपर्यंत बांधील. हात खाली राहिला की तो माणूस त्यांच्यातला नाही. शब्द एकही नाही. राजाचा हेर शेजारी उभा राहिला तरी त्याला काय ऐकू येणार? प्रार्थना. आणि त्यानं अंगावर काटा येऊन डोळे पुसले तर ते त्याचं त्याला लखलाभ.

अडचण एवढीच होती, की माणसं मरेनात. त्या वर्षी साथ नाही, लढाई नाही, म्हातारेही ठणठणीत. मग सरदार मेलेले नातेवाईक जन्माला घालू लागले. पोलंडच्या बाजूला कोणाचा चुलतभाऊ गेला. महिन्याभरात त्या चुलतभावाची बायको गेली. मग तिचा दीर, वहिनीच्या दुःखानं. तोदेरच्या घरी तर अशा माणसांची श्राद्धं झाली ज्यांची नावं घरातली माणसंच पुढल्या महिन्यात विसरत.

हे सगळं एका व्यक्तीच्या लक्षात येत होतं, आणि तिनं ते लक्षात घ्यावं असं कोणालाच वाटत नव्हतं. ती म्हणजे तोदेरची नवी सून, इलिंका.

इलिंका राजाच्या कारभाऱ्याची मुलगी. राजानंच हे लग्न जुळवलं होतं. जुळवलं म्हणजे, नाही म्हणायची कोणाची टाप नव्हती. तोदेरच्या घरात आपला एक डोळा असावा, एवढाच त्यातला हेतू, आणि तो सगळ्यांना ठाऊक होता. निघताना बापानं तिला सांगितलं होतं, की मीठ घेऊन येणाऱ्या गाडीवाल्याजवळ घरातली खबर देत जा. सासरी आल्यावर तिला कोणी काहीच सांगितलं नाही, कारण ती ज्या खोलीत जाई तिथलं बोलणं थांबत असे. तिचा नवरा लुपू वाईट नव्हता. तोही तिच्याशी हवेबद्दल बोलायचा. सासू नास्तासिया तिला नावानं कधी हाक मारत नसे. 'ती कारभाऱ्याची मुलगी' म्हणायची, समोर असली तरी.

फाटकाला आतून कुलूप, किल्ली सासूच्या कमरेला. इलिंकाला काम दिलं ते गहू धुवायचं. त्याला बोलावं लागत नाही. नऊ पाणी ओतायची, नऊ काढायची. गहू धुणाऱ्या बाईला घरातली श्राद्धं बरोबर समजतात. गहू दहा परातींचा आणि रडणारं माणूस एकही नाही, हे तिनं पहिल्याच महिन्यात हेरलं. बापाला कळवलं तर हे घर जाणार. न कळवता पकडलं गेलं तर या घराबरोबर तीही जाणार. मिठाची गाडी यायची, उभी राहायची, जायची. इलिंका मीठ घ्यायची आणि गाडीवाल्याला काही सांगायची नाही. सासरी हे कोणाला माहीत नव्हतं, आणि सांगायला गेली असती तर कोणी विश्वास ठेवला नसता.

मग ते ईस्टर आलं. सणाच्या आधी बातमी फुटली, की सण सरला की राजा प्रत्येक सरदाराचा मुलगा ओलीस म्हणून सुलतानाकडे पाठवणार आहे. लुपूसुद्धा. मुलं द्यायची, की सगळ्यांनी एकाच दिवशी डोंगरापलीकडे पळवायची, याचा निर्णय त्याच आठवड्यात व्हायला हवा होता. एकानंही मागे पाय घेतला तर बाकीचे मेले. अक्रोड घरोघर गेले. तोदेरनं घाईघाईनं सांगितलं, गहू शिजवा.

इथे चूक झाली. ईस्टरनंतरचा आठवडा हा वर्षातला एकच आठवडा, जेव्हा श्राद्ध होत नाही. त्या दिवसांत स्वर्गाची दारं सताड उघडी असतात असं मानतात, मग मेलेल्यांसाठी दार वाजवायचं कशाला? त्या आठवड्यात घरात ताजा मृत्यू झाला तरच गहू शिजतो. खोटी श्राद्धं घालून घालून तोदेरच्या घराला खऱ्याचा नियम आठवेनासा झाला होता. इलिंकाला आठवत होता. परात हातात घेऊन ती सासूजवळ गेली आणि म्हणाली, "आई, या आठवड्यात गहू शिजत नाही."

"तुझ्या माहेरी शिजत नसेल," नास्तासिया म्हणाली.

इलिंकानं गहू धुतला.

बुधवारी सगळे जमले. पुरुष आतल्या दालनात, नास्तासिया आणि इलिंका मधल्या भिंतीच्या अलीकडे, बायकांच्या बाजूला. प्रार्थना संपत आली, वाडगा उचलला, खांद्यांवर हात चढले, आणि बाहेर घोडे थांबले. एवढ्या गाड्या एका गावाकडे जाताना कोणीतरी पाहिल्या होत्या. राजाच्या तुरुंगाचा अधिकारी आत आला. त्याच्या नावाचा गावात आजपर्यंत उच्चार होत नाही, म्हणून मीही विचारलं नाही. शिपाई दारात उभे केले आणि हा बायकांच्या दालनातून चालत मधल्या उंबऱ्यापर्यंत गेला. टोपी काढली, क्रूसाची खूण केली. तोही देवभोळाच होता. गव्हाकडे बघत त्यानं अगदी शांतपणे विचारलं, की या आठवड्यात गहू शिजलाय म्हणजे या घरात कोणी गेलं असणार. कोण गेलं?

पोलंडचा चुलतभाऊ चालण्यासारखा नव्हता. मेलेलं माणूस याच घरातलं हवं आणि आजचं हवं. तोदेर समोर उभा होता, लुपू उभा होता. वाडगा चौघांच्या हातांत तसाच अधांतरी. हात खाली घेतला तरी गुन्हा, वर ठेवला तरी गुन्हा.

बायकांच्या दालनात, अंधाऱ्या कोपऱ्यात, तोदेरनं आपल्यासाठी करून ठेवलेली शवपेटी होती. म्हातारी माणसं तिकडे ती आधीच करून ठेवतात, सुताराची घाई नको म्हणून. अधिकाऱ्याची पाठ होती तेवढ्यात इलिंका त्या पेटीत जाऊन निजली. लग्नातली ओढणी तिनं तोंडावर घेतली, हात छातीवर ठेवले. नास्तासिया बघत होती. तिनं क्षणभर काहीच केलं नाही, असं सांगतात, आणि त्या क्षणात तिच्या मनात काय आलं ते गावानं अनेक प्रकारे रंगवलं आहे. मग ती गुडघ्यांवर पडली आणि तिनं हंबरडा फोडला. म्हणाली, "माझी इलिंका गेली."

त्या घरात ते नाव पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारलं गेलं ते असं.

अधिकारी वळला. ही राजाच्या कारभाऱ्याची मुलगी, हे त्याला माहीत होतं. मेणबत्ती घेऊन तो पेटीजवळ आला आणि वाकला. मेणाचा थेंब इलिंकाच्या हातावर पडला. दुसरा पडला. हात हलला नाही. तो बराच वेळ बघत होता म्हणे. मग म्हणाला, की या आठवड्यात जो जातो तो थेट स्वर्गात जातो, भाग्याची पोर. आणि आत जाऊन माळेतल्या शेवटच्या माणसाच्या खांद्यावर त्यानं आपला हात ठेवला, कारण गहू झुलत असताना चर्चमध्ये असलेल्या कोणालाही हात बाजूला ठेवता येत नाही. वाडगा पुन्हा झुलला.

त्यानं ओढणीखाली हलणारा श्वास पाहिला होता की नाही? तांती सफ्ता म्हणाली, तिची आजी सांगायची की पाहिला होता. आईचं म्हणणं होतं, तो माणूस तेवढा चांगला नव्हता. काही असो, खांद्यावर हात ठेवणारा बांधील, हा नियम त्यालाही लागला. तो परत गेला आणि काही बोलला नाही. आणि मुलं द्यायची नाहीत हा निर्णय राजाच्या माणसाच्या हातासकट झाला.

पेटीत दगड भरले आणि चर्चच्या आवारात पुरले. इलिंकाचा बाप माती द्यायला आला होता. तो रडला की नाही, याबद्दल गावात दोन मतं आहेत. सरदारांची मुलं ठरल्या दिवशी डोंगर उतरून पलीकडे गेली. लुपूही गेला. मेलेल्या इलिंकानं मात्र कुठे जायचं? बाहेर एकानं पाहिलं तरी सगळ्यांची डोकी जाणार. मधल्या भिंतीच्या पोटात एक अरुंद जिना होता, आणि वर, बायकांच्या दालनाच्या छतावर, चांदीची भांडी लपवायची खोली होती. तशी खोली त्या काळच्या बऱ्याच चर्चमध्ये असे. इलिंकाला तिथे ठेवलं. खाली दाराला कुलूप, किल्ली सासूच्या कमरेला.

ती खोली आम्ही पाहिली. वाकून शिरावं लागतं, आणि आत गेल्यावरही वाकूनच राहावं लागतं. निनाद दोन पावलं गेला आणि परत फिरला. तिथे इलिंका वर्षामागून वर्ष राहिली. विस्तव पेटवायचा नाही, धूर दिसेल. पाय आपटायचे नाहीत. खोकला आला तर घंटा वाजेपर्यंत दाबून धरायचा, आणि घंटा वाजू लागली की सगळा एकदम खोकून घ्यायचा. हिवाळ्यात खालच्या मेणबत्त्यांची ऊब फटीतून वर येई, तेवढीच. म्हणून तिला श्राद्धाचे दिवस आवडत, असं तांती सफ्ता अगदी गंभीरपणे म्हणाली.

श्राद्धं आता भरपूर होती. सरदारांना अखेर एक खरंखुरं मेलेलं माणूस मिळालं होतं, तेही राजाच्या कारभाऱ्याची मुलगी. तिच्या श्राद्धावर कोण शंका घेणार? दर काही शनिवारांनी ते जमत. भिंतीतल्या फटीला डोळा लावून इलिंका वरून बघे. खाली तिचंच नाव साखरेत, तिच्याच आत्म्याला शांती मागणारी प्रार्थना, आणि पुरुषांचे हात एकापाठोपाठ एक खांद्यांवर चढताना. वरून चेहरे दिसत नाहीत, फक्त डोकी आणि हात. कोणाचा हात पटकन चढतो, कोणाचा अडखळतो, हे तिला त्यांच्या बायकांपेक्षा जास्त कळू लागलं.

नास्तासिया जेवण घेऊन वर येई, गव्हाच्या वाडग्यात लपवून. बोलायची सोय नव्हती, दगडात आवाज घुमतो. एकदा तिनं न धुतलेला गहू आणला आणि निवडायला पुढ्यात ठेवला. नाहीतरी बसूनच असतेस, असं तिनं हातांनीच सांगितलं. तेव्हापासून आपल्या श्राद्धाचे खडे इलिंका स्वतःच काढू लागली. दोघी समोरासमोर बसून गहू निवडत आणि एकमेकींकडे बघत नसत. सासूला सुनेचं नाव मोठ्यानं घ्यायचं असेल, तर खाली जाऊन, लोकांत, रडतच घ्यावं लागे. आणि ती घ्यायची. दर खेपेला थोडं जास्तच रडायची, असं बायका म्हणत.

शेवटी सुलतानानं राजाला काढलं. असे राजे जातात तेव्हा आवाज होत नाही. एक दिवस फक्त नवा राजा असतो. मुलं डोंगरापलीकडून परतली. लुपूही आला, दाढीत पांढरं घेऊन. वर निरोप पोचला तो मात्र सुटकेचा नव्हता. शनिवारी इलिंकाचं शेवटचं मोठं श्राद्ध ठरलं आहे, एवढाच होता.

त्या शनिवारी गावकऱ्यांना आत घेण्याआधी सरदारांनी दारं लावून घेतली. राजा गेल्यामुळे त्यांना आता चर्चमध्ये शब्द वापरायची मुभा होती, आणि ते वापरत होते. फटीतून सगळं वर येत होतं. तोदेरचं म्हणणं असं, की पोरीचे उपकार आहेत, ते कोणी नाकारत नाही. पण ती जिवंत निघाली, तर इतकी वर्षं चर्चमध्ये खोटी प्रार्थना झाली हे गावाला कळेल. नव्या राजाला कळेल की सरदार श्राद्धाला का जमतात. आणि नवा राजा जुन्यापेक्षा बरा असेल असं कोणी सांगावं? ही रीत पुन्हा लागेल. तेव्हा तिनं दूरच्या एका मठात जावं, दुसऱ्या नावानं राहावं. तिथे वाकून राहावं लागणार नाही, बाग आहे. इलिंका मेलेलीच बरी. ज्यांना पटतं त्यांनी आज गहू झुलवताना नेहमीसारखा हात ठेवावा.

मग दारं उघडली. गावकरी आत आले, बायका त्यांच्या बाजूला उभ्या राहिल्या. प्रार्थना झाली. इलिंका फटीला डोळा लावून होती. वाडगा उचलला गेला आणि हात चढू लागले. एक डोकं तिनं लगेच ओळखलं, पांढरं झालं होतं तरी. लुपूचा हात वर आला, थांबला, आणि पुढच्याच्या खांद्यावर टेकला.

ती फटीपासून उठली आणि जिना उतरली. खालच्या दाराला कुलूप असणार, हे तिला माहीत होतं. तिनं दार ढकललं. ते उघडं होतं.

प्रार्थना संपून वाडगा उंबऱ्यावर आला होता, वाटायला. तेवढ्यात भिंतीतून ती बाहेर आली. कातडी मेणासारखी पांढरी, केस कमरेखाली, पाठ वाकलेली. आधी एका बाईनं पाहिलं, मग सगळ्यांनी. गर्दी भिंतीला जाऊन चिकटली. मुडदा उठला, असं कोणीतरी म्हणालं. त्या मुलखात उठलेल्या मुडद्याचं काय करतात ते सगळ्यांना माहीत आहे, आणि कोणीतरी सरपणाच्या ढिगाकडे छातीत ठोकायची खुंटी आणायला निघालंही. गावकऱ्यांना कोणी दोष देऊ नये. गुपित सरदारांचं होतं, गावानं मनापासून तिचं श्राद्ध खाल्लं होतं. ज्यांना खरं माहीत होतं ते आतल्या दालनात उभे होते, एकमेकांच्या खांद्यांवरचे हात अजून न काढता. त्यांतल्या एकानं, ती जिवंत आहे, एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. तोदेर जमिनीकडे बघत होता. लुपूनं तोंड उघडलं, असं सांगतात, आणि मिटलं.

इलिंका कोणाकडेच गेली नाही. ती वाडग्याशी गेली. मेलेला सगळं करू शकतो, चालू शकतो, रडू शकतो, पण स्वतःच्या श्राद्धाचा गहू खाऊ शकत नाही, कारण तो त्याच्या वतीनं जिवंतांनी खायचा असतो. हे तिकडे लहान मुलालाही ठाऊक. तिनं साखरेवरच्या आपल्या नावात हात घातला आणि घास तोंडात घातला. चावला, गिळला. दुसरा घेतला. लोक श्वास धरून बघत होते. तिसरा घेतला, चौथा घेतला. इतकी वर्षं दुसऱ्यांनी तिच्या वतीनं खाल्लेलं ती आता एकदम खायला बसली होती, हनुवटीला मध, हातांना साखर. आणि तरीही कोणी पुढे येईना, कारण एकटीच खात राहिलेली बाई जिवंत असेल किंवा आणखी काही. तिला कोणीतरी ओळख द्यायला हवी होती.

तेव्हा बायकांतून नास्तासिया पुढे आली. आता तीही म्हातारी झाली होती. कमरेला किल्ली होती, आणि आज ती रडत नव्हती. तिनं वाडगा ओढून घेतला आणि रोज स्वयंपाकघरात बोलावं तशी म्हणाली, "पुरे, इलिंका. बाकीच्यांना ठेव."

भुताला असं कोणी बोलत नाही. असं फक्त सुनेला बोलतात. आधी एक सुईण हसली म्हणे, मग बाकीच्या बायका, आणि मग सगळं गाव वाडग्याशी आलं.

सरदारांची रीत त्या दिवशी संपली. बातमी नव्या राजापर्यंत गेली आणि पुढच्या हुकुमात श्राद्धांचाही उल्लेख आला. बाकीच्या घराण्यांनी तोदेरला कधी माफ केलं नाही. एक बाई वाचवायला त्यानं सगळ्यांचं छप्पर घालवलं, असा त्यांचा आरोप होता. त्यानं तिला वाचवलंच नव्हतं, हे सांगायची त्याला सोय नव्हती. त्याच्यानंतर या चर्चमध्ये कोणत्याही सरदाराला पुरलं नाही. इलिंका लुपूबरोबर नांदली का? नांदली, तांती सफ्ता म्हणाली, पण जेवायला ती सासूशेजारी बसायची. आणि फाटकाला कुलूप लागायचं बंद झालं. किल्ली त्या दोघींपैकी कोणी विहिरीत टाकली, ते माहीत नाही.

आजही वालेश्तीत लग्नानंतरच्या पहिल्या शनिवारी नवी सून स्वतःच्या नावाचा गहू घेऊन चर्चमध्ये येते आणि खायला लागते. सासूनं तिला नावानं हाक मारून थांबवायचं असतं. तोपर्यंत सुनेनं थांबायचं नाही, आणि सासू बोलेपर्यंत ती घरात आली असं गाव मानत नाही. सुनेचं नाव चुकवणाऱ्या सासूला पुढच्या शनिवारी गहू स्वतः धुवावा लागतो. बहुतेक जणी दुसऱ्या-तिसऱ्या घासालाच थांबवतात, कारण गहू महाग आहे आणि लोक बघत असतात.

तांती सफ्ताच्या सासूनं मात्र वाडग्याचा तळ दिसेपर्यंत तोंड उघडलं नव्हतं.

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

तिनं मेणबत्त्यांची पेटी बाकावर ठेवली आणि झग्यावरचे मेणाचे कण झटकले.

"खाल्ला," ती म्हणाली. "सगळा. ती बोलली तेव्हा मी चमचा चाटत होते."